दादर-परळच्या मालवणी खानावळीत मासे खायला जाताय? मग हे वाचून जा

बाहेरगावची मंडळी मुंबईत आली की मला हमखास विचारतात, मासे कुठे खायचे, आणि मी त्यांना एसी हॉटेलात न नेता दादर, परळ, लालबाग, गिरगाव ह्या पट्ट्यातल्या एखाद्या साध्या मालवणी खानावळीत नेतो. आठ-दहा टेबलं, भिंतीवर खडूने लिहिलेला फळा, आतून फोडणीचा ठसका. पण तिथे जाऊनही लोक सरळ सुरमई थाळी सांगून मोकळे होतात, आणि मग खानावळीला ज्यात खरी गती असते ते खायचं राहूनच जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

वेळ आधी सांभाळा. दुपारी साडेबारापर्यंत पोचलात तर सगळं मिळतं, दोननंतर फळ्यावरची नावं एकेक करून पुसायला लागतात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे माशांचे वार, त्या दिवशी गर्दी असते पण माल जास्त येतो आणि लगेच संपतोही, त्यामुळे मी गर्दीलाच जातो. सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण ह्या दिवसांत बऱ्याच घरी मासे बंद असतात, खानावळही थंड असते, तेव्हा ताज्याची चौकशी जरा जास्तच करायची.

बसल्यावर मेन्यूकार्ड बघत बसू नका. वाढणाऱ्या दादांना किंवा गल्ल्यावरच्या मावशींना सरळ विचारा, "मावशी, आज काय चांगलं आलंय?" असं विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला त्या सहसा खरं सांगतात, मला तर कितीदा "आज पापलेट राहू दे, बांगडा घे" असं ऐकायला मिळालंय. आणि बांगडा, बोंबील, मांदेली, तारली हेच घ्या असं माझंही मनापासून सांगणं आहे. ह्या खानावळी मुळात कोकणातून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांसाठी सुरू झाल्या, चाळीतल्या बायका घरातच दोन्ही वेळचं रांधून वाढायच्या (प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं), आणि कामगाराच्या खिशाला परवडणारं जेवण म्हणजे स्वस्त मासळीच. तो हात अजून आहे. बांगडा थाळी बऱ्याच ठिकाणी सुरमईच्या निम्म्या भावात पडते आणि चवीला माझ्या मते काकणभर सरसच. पापलेट, खेकडे, मोठी कोळंबी ह्यांच्यापुढे दर लिहिलेला नसेल तर ऑर्डर देतानाच विचारून घ्या, माझं एकदा एका ठिकाणी न विचारल्यामुळे बिल भलतंच झालं होतं. आणि पापलेट अगदी पिटुकलं दिसलं तर नको म्हणा. २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्यमासा केलंय ते तो कमी होत चाललाय म्हणूनच, पिल्लंच खाल्ली तर पुढे मिळणार काय.

बोंबील फ्राय मागवलात तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो खा. बोंबलात पाणी फार, म्हणून तो चिरून वजनाखाली दाबून ठेवतात, मग मसाला, मग रवा नाहीतर तांदळाचं पीठ लावून तव्यावर. वरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा अशी अवस्था पाचेक मिनिटंच टिकते, नंतर तो मऊ पडतो. मांदेली काट्यासकट चावून खायची, सोलत बसायचं नाही.

काट्यांना घाबरून बांगडा टाळणाऱ्यांसाठी, बाबांनी मला लहानपणी दाखवलं होतं तसं सांगतो. तळलेला अख्खा बांगडा ताटात आडवा ठेवा, डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध जी रेघ दिसते तिथे अंगठा दाबत न्या, वरचं मांस दोन बाजूंना आपोआप सुटतं. ते खाऊन झालं की शेपटी धरून हळूच वर उचला, मधला काटा डोक्यासकट अख्खा निघतो आणि खालची बाजू मोकळी राहते. पोटाकडे बारीक काटे असतात, तेवढे बोटांनी चाचपून काढा. हातानेच खा, चमच्याला काटा कळत नाही. लहान मुलांना बांगड्याऐवजी सुरमईचा तुकडा द्यावा, तिथे सुरमई बरोबर.

रस्सा आधी नुसता थोडा चाखा. बांगड्या-तारलीच्या रश्श्यात तिरफळं (मसाल्यातली छोटी वासाची फळं) असतील तर ती चावायची नाहीत, स्वाद देऊन झालेला असतो, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. भाकरी किंवा वडे सुक्याबरोबर, भात रश्श्याबरोबर, आणि शेवटचा मूठभर भात सोलकढीसाठी राखून ठेवा. सोलकढी फिकट गुलाबी, नारळाच्या दुधाने जाडसर, लसूण-मिरचीचा वास येणारी असावी, भडक गुलाबी आणि पाणचट असेल तर ती वाटी परत मागू नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत फळ्यावर सुरमई-पापलेट दिसलं तर बहुतेक बर्फातलं समजा. तेव्हा सुकट, जवळ्याची चटणी, सुक्या बोंबलाचं कालवण मागवा, बाहेर पाऊस आणि ताटात गरम भाकरी, त्याची मजा वेगळीच.

जेवण झालं की बडीशेप घेऊन उठायचं, गप्पा बाहेर, कारण दारात लोक उभे असतात. निघताना गल्ल्यावर विचारून ठेवा, रविवारी कुर्ल्या, म्हणजे खेकडे, येणार आहेत का. अमावास्येच्या आसपास त्या भरलेल्या असतात असं आमच्याकडे मानतात, आणि आदल्या दिवशी फोन केला तर काही मावशी दोन प्लेट बाजूला काढून ठेवतात.