मास्कची सक्ती गेली, आता काय काढायचं आणि काय ठेवायचं?

१ एप्रिल २०२२ पासून राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, लोकलसाठी दोन डोसचं सर्टिफिकेट दाखवायची भानगड संपली. दुसऱ्याच दिवशी पाडवा, त्यामुळे ठाण्यात सगळे एकदम मोकळे झाल्यासारखे बाहेर पडले, आणि ते बरंच झालं. पण आता ठरवायचं आपल्यालाच आहे, म्हणून सोपा हिशोब सांगते: हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो, तेव्हा हात लावण्याच्या भीतीने सुरू केलेलं बहुतेक बंद करा आणि हवेसाठी केलेलं चालू ठेवा.

आधी सोसायटी. कमिटीत असाल तर या आठवड्यातच गेटवरची टेम्परेचर गन बंद करा, भर उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर ती काहीही आकडा दाखवते आणि लक्षणं नसलेला पेशंट तर तिला सापडतच नाही. लिफ्टच्या बटणांवरचं पिवळं पडलेलं प्लास्टिक काढा, बटण दाबायला शेजारी थर्माकोलमध्ये खोचलेल्या टूथपिक पण काढा. लिफ्टमधला पंखा मात्र चालू आहे का ते बघा, खरं काम त्याचं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कामवाल्या मावशींनी, डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही असली नोटीस अजून लावलेली असेल तर ती आजच्या आज काढा. घोडबंदरच्या वीस-बावीस मजली टॉवरमध्ये पन्नाशीच्या बाईला जिने चढायला लावायचं आणि रोगाचं कारण सांगायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. मीटिंगमध्ये कोणी अडलंच तर सरळ विचारा, सरकारने निर्बंध काढले मग आपला कशाच्या आधारावर? ठराव मिनिट्समध्ये लिहून घ्या म्हणजे वॉचमनला कोणी परत वेगळं सांगणार नाही.

आता मास्क कुठे. तलावपाळीला फेरी, उपवनला वॉक, रिक्षा, अशा मोकळ्या हवेत गरज नाही. एसी लोकल, टीएमटीची एसी बस, ऑफिसची बंद मीटिंग रूम, इथे घाला. सकाळी ठाण्याहून वाशी-पनवेल लोकल पकडणाऱ्यांनी पण घालावा, खिडक्या उघड्या असल्या तरी डब्यात माणूस माणसाला चिकटून असतो. दवाखान्यात आणि आजारी माणसाला भेटायला जाताना तर घालाच, तिथे ऐच्छिक वगैरे बघू नका. घरी सत्तरीचे आईबाबा असतील, कोणाची केमो किंवा डायलिसिस चालू असेल तर गर्दीत तुमच्या तोंडावर मास्क असणं त्यांच्या कामाचं आहे.

घालायचाच तर एन९५ घाला, नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवा, मग जोरात फुंकून बघा, डोळ्यांकडे हवा आली तर तो नीट बसलेला नाही. व्हॉल्व्हवाला घेऊ नका, त्यातून तुमचा श्वास न गाळताच बाहेर जातो. कापडी मास्क त्यामानाने खूपच कमी अडवतो.

सर्दी-ताप आला तर ऑफिसला जाऊ नका, टेस्ट करा. पॉझिटिव्ह आलात आणि त्रास सौम्य असेल तर जानेवारी २०२२ मध्ये आलेला केंद्र सरकारचा नियम असा होता, टेस्टपासून किमान सात दिवस वेगळं राहायचं आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नको. खोलीची खिडकी उघडी ठेवा, डास येतात म्हणून बंद करू नका, जाळी लावून घ्या. २०२२ च्या त्या एप्रिलमध्ये साठीच्या पुढच्यांना लसीच्या दुसऱ्या डोसनंतर नऊ महिन्यांनी प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, मिळायचा.

ऑक्सिमीटर फेकू नका, फक्त सेल काढून ठेवा नाहीतर गळतात. मोजताना बोटाला नेलपॉलिश नको, हात गार असतील तर आधी चोळा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९४ च्या खाली दाखवला तर दुसऱ्या बोटावर एकदा बघा, तिथेही तेवढाच आला तर लगेच डॉक्टरांना फोन करा, सकाळची वाट बघू नका.