इन्कम टॅक्सची नोटीस आली? घाईने पैसे भरू नका, आधी हे करा

रिटर्न भरून महिने उलटतात, आपण विसरूनही जातो आणि एक दिवस मेसेज येतो की तुमच्या नावाने इंटिमेशन, म्हणजे खात्याचं कळवणीचं पत्र, निघालीय. मग काहीजण घाबरून लगेच पैसे भरून टाकतात, काहीजण ‘बघू नंतर’ म्हणून सोडून देतात, आणि दोन्हीकडे नुकसान आपलंच होतं.

सगळ्यात आधी नोटीस खरी आहे का ते बघा. मेसेजमधल्या लिंकला हात लावायचा नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून, मोजके अपवाद सोडले तर, खात्याच्या पत्रावर डीआयएन (त्या पत्राचा ओळख क्रमांक) असतो, तो इन्कम टॅक्स पोर्टलच्या होमपेजवर ‘ऑथेंटिकेट नोटीस’मधे टाकून बघायचा, लॉगिनपण लागत नाही.

खरी निघाली की पीडीएफ उघडा (पासवर्ड म्हणजे पॅन स्मॉल अक्षरांत आणि त्याला लागून जन्मतारीख) आणि कलम कुठलं ते वाचा. १३९(९) म्हणजे रिटर्नमधे त्रुटी आहे, १५ दिवसांत दुरुस्त करायचं. २४५ म्हणजे जुन्या थकबाकीत रिफंड वळता करणारेत, उत्तराला २१ दिवस. १४३(१) आलं तर घाबरू नका, तो नुसता हिशोब असतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला त्यामुळे कलमांचे नंबर बदललेत, पण त्याआधीच्या वर्षांसाठी १९६१ चाच कायदा चालतो.

आता खरं काम. १४३(१) मधे दोन रकाने असतात, एकात तुम्ही भरलेला आकडा आणि शेजारी खात्याने काढलेला. पेन घेऊन एकेक ओळ खाली या, जिथे फरक दिसेल तिथे खूण करा, मग एआयएस (खात्याकडे आलेली तुमच्या उत्पन्नाची माहिती) आणि २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता) काढून तेवढंच जुळवा. आमच्या मावशीच्या एआयएसमधे एकाच एफडीचं व्याज दोनदा आलं होतं, बँकेचं सर्टिफिकेट शेजारी ठेवल्यावरच ते लक्षात आलं. अशा वेळी त्या ओळीवर ‘माहिती डुप्लिकेट आहे’ असा फीडबॅक द्यायचा.

डिमांड, म्हणजे खात्याने मागितलेली रक्कम, चुकीची असेल तर ‘पेंडिंग अॅक्शन्स’मधे जाऊन ‘डिसअॅग्री’ करा, कारण लिहा, रेक्टिफिकेशन (चूक दुरुस्तीचा अर्ज) टाका आणि पावती सेव्ह करून ठेवा. डिमांड बरोबर असेल तर मात्र ३० दिवसांत भरून मोकळे व्हा, नाहीतर महिन्याला १ टक्का व्याज लागतं.

नोटीस यायच्या आधीच एखादं उत्पन्न दाखवायचं राहिलंय असं लक्षात आलं तर अपडेटेड रिटर्न भरता येतं, २०२५ पासून त्याची मुदत ४८ महिने झालीय, पण जितका उशीर तितका जादा कर, भरायच्या कर-व्याजावर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत. रिफंड वाढवायला मात्र ते चालत नाही.

आणि आज एवढं कराच, पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइलमधला मोबाईल आणि मेल बघा. रिटर्न भरून देणाऱ्याचाच नंबर तिथे असेल तर नोटीस त्याच्याकडे जाते, आणि आपली मुदत तिकडेच संपून जाते.