लॅपटॉप सुरू होईना? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं दुरुस्तीचं दुकान गाठण्याआधी

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच? आधी चार्जर, पेनड्राइव्ह, माउस सगळं काढा. बॅटरी सुटी होत असेल तर तीही. मग पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठून राहिलेला चार्ज निघून जातो. आता फक्त चार्जर लावून सुरू करा. बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं.

तरीही अंधार? स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. पुसट अक्षरं दिसली तर मशीन चालू आहे, बिघाड स्क्रीनमागच्या लाइटचा. दुकानात हे आधीच सांगा, उगाच मदरबोर्डपर्यंत (आतल्या मुख्य सर्किटपर्यंत) गोष्ट जायला नको.

मात्र लोकलच्या दारात बॅग भिजली असेल तर यातलं काहीच नको. बटणाला हातसुद्धा लावू नका, थेट दुकान गाठा.