मागचा एक्सल बदलताय? या चुका टाळा

काळ्या मातीत जीप रुतली, रेस वाढवली, मागे ‘कड्’ आवाज झाला. मागच्या एक्सलमधला, चाक फिरवणारा शाफ्ट तुटला. चार दिवसांत नागपूरजवळच्या वाडीच्या बाजूच्या एखाद्या भंगारवाल्याकडून ‘दणकट’ एक्सल उचलून आणला, पाचव्या दिवशी वेल्डिंग. दर पावसाळ्यात नागपूरच्या आसपास हाच क्रम दिसतो, आणि दिवाळीपर्यंत त्यातल्या बऱ्याच गाड्या पुन्हा जॅकवर असतात. बहुतेक वेळा एक्सल कमजोर नसतो, निवड किंवा बसवणी चुकलेली असते.

तुटलेला शाफ्ट न पाहताच फेकणं

तुकडा आधी हातात घ्या. स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरचे दात) पिळल्या असतील आणि तुटलेला भाग तिरका, दोरीसारखा वळलेला असेल, तर ताकद खरंच कमी पडली. भेग चावीच्या (शाफ्ट आणि हब जोडणाऱ्या छोट्या पट्टीच्या) खाचेतून सुरू झाली असेल आणि तुटलेल्या भागावर अर्धगोल रेषा दिसत असतील, तर तो हळूहळू थकून तुटला. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये टेपर (टोकाला निमुळता) शाफ्ट आणि वेगळा हब (ज्यावर चाक बसतं) असतो. तिथे भार टेपरच्या घट्ट पकडीने पेलायचा असतो, चावीने नाही. हबचा नट ढिला राहिला की सगळा मार चावीवर आणि खाचेवर येतो. टेपर कोरडा व स्वच्छ ठेवा, नट सुमारे २०० न्यूटन-मीटरला कसा, छिद्र जुळेना तर नट मागे न फिरवता पुढे न्या आणि नवी कोटर पिन टाका. त्याच हाउसिंगमध्ये (एक्सलच्या बाहेरच्या कवचात) बसणारा एकसंध फ्लॅंजवाला शाफ्ट मिळाला, तर अनेकांचं काम तिथेच संपतं.

इंजिनाचा आकडा पाहून एक्सल ठरवणं

नवी मुलं हटकून विचारतात, ‘इंजिन इतक्या टॉर्कचं आहे, कोणता एक्सल लागेल?’ गणित करून बघा. २०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४, फोर-व्हीलचा लो रेंज गिअर २.४६ आणि एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे) ४.८८ धरला तर कागदावर सुमारे ९,६०० न्यूटन-मीटर येतात. पण त्याच्या खूप आधी टायर घसरतो. एका मागच्या चाकावर ६०० किलो भार, ०.८ पकड आणि ०.४ मीटर त्रिज्या असेल तर ते चाक १,९०० न्यूटन-मीटरच्या आसपास पकड सोडतं. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) लावला, चढावर एक चाक हवेत गेलं आणि दुसऱ्यावर ९०० किलो आले, तर तोच आकडा २,८०० होतो. म्हणून एक्सल ठरतो तो गाडीचं वजन, टायरची उंची आणि लॉकर यांवर. गरगर फिरणारं चाक अचानक दगडावर पकड घेतं तेव्हाचा झटका मात्र कुठल्याही गणितात बसत नाही, तो पायानेच टाळावा लागतो.

शाफ्टची पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. ३० स्प्लाइनचा शाफ्ट १.३१ इंचाचा आणि ३५ स्प्लाइनचा १.५ इंचाचा. फरक नखाएवढा, पण त्याच पोलादात ताकद दीडपट.

फक्त नावावर घेणं

‘भाऊ, डाना ४४ आहे, डोळे मिटून न्या.’ डोळे उघडे ठेवा. डाना कंपनीच्या त्या एका मॉडेलच्या नावाखाली टेपर शाफ्टही आले आणि एकसंधही, १९ स्प्लाइनही आले आणि ३० स्प्लाइनही. आणि ‘सगळ्यात मोठा घेऊ’ हा विचारही सोडा. डाना ६० चं क्राउन व्हील (एक्सलच्या पोटातलं मोठं दातेरी चाक) ९.७५ इंचाचं, ४४ चं ८.५ इंचाचं. ३१ इंची टायरवर ६० चा पोटाचा भाग इतका खाली येतो की उमरेड रोडच्या शेतवाटेवर तो नांगर चालवत जातो. हलक्या जीपला ३३ इंचापर्यंत ३० स्प्लाइनचा चांगला ४४ पुरतो, असं माझं ठाम मत आहे.

आतल्या टोकाला सी आकाराच्या क्लिपने शाफ्ट धरलेले एक्सल (डाना ३५, फोर्ड ८.८) शक्यतो टाळा. त्यांत शाफ्ट तुटला की चाक शाफ्टसकट बाहेर सरकतं. फुल-फ्लोटिंग एक्सलमध्ये गाडीचं वजन शाफ्टवर नाही, हबवर असतं, त्यामुळे तुटलेला शाफ्ट काढून पुढच्या चाकांवर घरी येता येतं.

पुढचा आणि मागचा रेशो वेगळा

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. खिंडसीच्या बाजूला निघालेल्या एका जीपचा किस्सा सांगण्यासारखा आहे. पुढे ५.३८, मागे नव्याने बसवलेला ४.८८. विकणाऱ्याने ‘जवळजवळ सारखाच’ म्हणून माथी मारला होता. टू-व्हीलमध्ये गाडी झकास. चिखलातही कुणाला काही कळलं नाही, कारण चाकं घसरून फरक गिळत होती. मग मुरमाचा कडक चढ लागला. स्टीअरिंग जड झालं, गाडी ब्रेक दाबल्यासारखी अडखळू लागली, फोर-व्हीलचा दांडा बाहेर येईना. मालकाने चिडून रेस दिली आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा (एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, फुटला. फुटलेल्या बाजूने फिरत्या शाफ्टने ब्रेकचा पाइपही तोडला. दोष क्रॉसला दिला गेला, नवा टाकला, आणि पुढच्या फेरीत तोही गेला.

हिशोब सोपा आहे. ४.८८ भागिले ५.३८ म्हणजे ०.९०७. मागची चाकं १०० मीटर जातात तेव्हा पुढची साधारण ९१ मीटरच फिरू पाहतात. उरलेले ९ मीटर कडक जमिनीवर क्रॉस, गिअर आणि शाफ्ट सोसतात. ४.१० आणि ४.०९ एवढा फरक चालतो, त्याहून फारसा जास्त नाही. पुढे-मागे टायरची उंचीही एकच हवी.

हाउसिंगच्या बोल्टखालच्या, रेशो लिहिलेल्या पट्टीवर विसंबू नका, आतला सेट बदललेला असू शकतो. कव्हर उघडून क्राउनचे आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे दात मोजा: ४३ आणि ८ म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४१ आणि ११ म्हणजे ३.७३. उघडू देत नसतील तर एक चाक घट्ट अडवा आणि दुसरं २० पूर्ण फेरे फिरवा. साधा डिफरन्शियल असेल तर क्राउन १० फेरे फिरतं. तेवढ्यात पिनियन पावणेएकोणपन्नास फेरे फिरला तर ४.८८, पावणेचोपन्न फिरला तर ५.३८. हे करायला जो कंटाळतो, त्याने एक्सल घेऊ नये.

टायर मोठा करणार असाल तर रेशो आधी ठरवा: जुना रेशो गुणिले नवी उंची भागिले जुनी उंची. ४.२७ वर २९ इंच होते आणि ३३ हवेत, तर ४.८६ येतो, म्हणजे ४.८८ घ्या. आणि मग पुढचाही बदला.

गाडी घोडीवर (स्टँडवर) टांगून पाटे बसतात ते पॅड वेल्ड करणं

चाकं लोंबत असताना पाट्यांवर गाडीचं वजन नसतं. त्या स्थितीत पिनियनचा कोन ठरवून पॅड पक्के केले की गाडी खाली आल्यावर तो कोन बदलतो. मग साठच्या वेगाला घरघर, महिन्याभरात क्रॉस गेला, पिनियनचा सील ओला. क्रम असा ठेवा: पॅड फक्त ठेवून यू-बोल्ट हलके कसा, चाकं लावा, गाडी सपाट जागी स्वतःच्या वजनावर उभी करा, दोन माणसांनी उड्या मारून पाटे बसवा. साध्या दोन-क्रॉसच्या शाफ्टला पिनियन ट्रान्सफर केसच्या (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) आउटपुटला समांतर हवा. जोर लावला की पिनियन वर उचलतो, म्हणून पाट्यांच्या गाडीत १ ते २ अंश खाली ठेवा. मागे डबल-कार्डन (जोड-क्रॉसचा) जॉइंट असेल तर पिनियन थेट ट्रान्सफर केसकडे रोखलेला हवा. मग टाके मारा, गाडी पुन्हा उचला, एक्सल काढून पक्कं वेल्डिंग करा. तेही एका दमात नको. इंच-दीड इंच या बाजूला, मग त्या बाजूला, मध्ये थंड होऊ द्या. एका दमात तापवली की नळी वाकते आणि बाहेरचं बेअरिंग वर्षभरही टिकत नाही. मधल्या ओतीव भागाला तर साध्या रॉडने हातच लावू नका.

विलीज सीजे-३बी सारख्या ८० इंच व्हीलबेसच्या गाडीत मागचा प्रॉपेलर शाफ्ट मुळातच आखूड असतो. तिथे डाना १८ ट्रान्सफर केसचं आउटपुट एका बाजूला असल्यामुळे पोट मधोमध असलेला एक्सल बसवला की शाफ्ट आडवाही तिरका होतो. घेण्यापूर्वीच मोजा.

बाकीच्या चुका थोडक्यात. रुंदी ड्रमच्या बाहेरून नाही, चाक टेकतं त्या दोन पृष्ठभागांमध्ये मोजा. स्टडचा घेरही पाहा, जुन्या जीपला ५ स्टड आणि १३९.७ मिलिमीटर असतो. ड्रमऐवजी डिस्क आल्या तर मास्टर सिलिंडरमधला ड्रमसाठीचा दाब धरणारा व्हॉल्व्ह काढा, नाहीतर डिस्क घासत राहतात. जुने यू-बोल्ट परत वापरू नका. ब्रीदरची (एक्सलला हवा घेऊ-सोडू देणारी) नळी बॉनेटच्या उंचीला न्या. नागपूरच्या मे महिन्यात तापलेला एक्सल नदीत उतरला की हवा आकसते आणि पाणी सीलमधून आत ओढलं जातं. क्राउन-पिनियन नवा असेल तर दातांवर रंग लावून खूण तपासा. दातांमधला प्ले (मोकळीक) साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवा, ‘हाताला बरा वाटतो’ हे माप नाही. पासिंग एमएच-३१, ४० किंवा ४९ कुठलंही असो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांना लागू होतं. वेल्डिंगच्या आधी आरटीओत विचारा.

पहिले २० किलोमीटर हळू चालवून एक्सल पूर्ण थंड होऊ द्या. १०० किलोमीटरला यू-बोल्ट पुन्हा कसा. ८०० ला तेल काढून नवं जीएल-५ ८०-डब्ल्यू-९० गिअर तेल भरा आणि काढलेल्या तेलातून चुंबक फिरवा. बारीक राखाडी लेप ठीक आहे. बोटाला टोचणारे कण निघाले तर कव्हर उघडा, गाडी पुढे चालवू नका.