बोटीवरचं आणि विमानातलं खरकटं गोठ्यात आणू नका

पाऊस ओसरला की किनाऱ्यावर दोन गोष्टी एकदमच होतात. लाटांनी पावसाळाभर आणून टाकलेला कचरा पुळणीवर उघडा पडतो, आणि बोटीवरची, आखातातली मुलं दिवाळीला घरी यायला लागतात. दोन्ही वाटांनी परमुलखातलं अन्न आपल्या वाडीत शिरतं.

तिसरी वाट सगळ्यात धोक्याची. न्हावा-शेवा, जयगड या बंदरांच्या किंवा मोपा विमानतळाच्या आसपास ज्यांची डुकरं, कोंबड्या, म्हशी आहेत, त्यांना बोटीवरचं नाहीतर विमानातलं उरलेलं जेवण ओळखीतून स्वस्तात, कधी फुकटही मिळू शकतं. खाद्याचे दर बघता मोह पडणं साहजिक आहे. तरीही घेऊ नका. हे खरकटं बंद डब्यांतून उतरवून भट्टीत जाळायचं, दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं किंवा खोल पुरायचं, अशी जगभरची पद्धत आहे. त्यामागे मोठी किंमत मोजून आलेला अनुभव आहे.

आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग १९५७ मध्ये पोर्तुगालमधल्या लिस्बनला पोचला, तो विमानातलं खरकटं विमानतळाजवळच्या डुकरांना घातल्यामुळे. स्पेन-पोर्तुगालमधून तो हटायला १९९०चं दशक उजाडलं. २००७ मध्ये हाच रोग जॉर्जिया देशात आला, बहुधा तिथल्या पोती नावाच्या बंदरातल्या बोटींच्या खरकट्यातून. तिथून तो रशिया, युरोप आणि २०१८ मध्ये चीनपर्यंत गेला. आपल्या देशात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात डुकरं मेली. माणसाला हा रोग होत नाही, पण डुकरांसाठी त्यावर औषध नाही. खारवलेल्या, सुकवलेल्या मांसात विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, गोठवलेल्या मांसात तर वर्षानुवर्षं.

‘उकळून घातलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. ९० अंशांवर पूर्ण तासभर, सतत ढवळत शिजवलं तर विषाणू मरतो. पण चुलीवरच्या मोठ्या टोपात मधला गोळा कोमटच राहतो. शिवाय कच्चं खरकटं ज्या डब्यातून, टेम्पोतून आलं, ज्या हातांनी उपसलं, ते सगळं आधीच गोठ्यात फिरून गेलेलं असतं. म्हणून गावातल्या हॉटेलचं उष्टं घालणाऱ्यांनी ते नीट शिजवूनच घालावं, आणि बोटीचं, विमानाचं मुळीच नको.

गाई-म्हशीवाल्यांनी आपण सुटलो असं समजू नये. लाळ्या-खुरकुताची आपली लस ओ, ए आणि एशिया-१ या तीन प्रकारांवर चालते. २०२३ मध्ये इराक, जॉर्डन आणि तुर्कस्तानात सॅट-२ हा वेगळाच प्रकार निघाला, त्यावर ती लस उपयोगाची नाही. या रोगाचा विषाणू हाडांच्या मगजात तग धरतो. मुलाने आणलेलं सॉसेज, सुकं मटण घरात खा, पण हाडं आणि वेष्टनं कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. कुत्रा ते हाड चघळायला नेमका गव्हाणीपाशीच बसतो. त्या ताटांचं धोवण गुरांच्या बादलीत ओतू नका. आपल्याकडे धोवणाची बादली दारातच असते आणि हात सवयीने तिकडेच जातो, म्हणून घरातल्या बायामाणसांना हे आधीच सांगून ठेवा. आणताना असे जिन्नस कस्टमला जाहीर करावेत, हेही मुलांना फोनवर सांगा.

बागायतदारांसाठी थोडक्यात. परदेशी फळाची साल, कोय, सडका भाग कलमाखाली टाकू नका. फळमाशीची अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते. याच माशीपायी २०१४ मध्ये युरोपने आपला आंबा बंद केला होता. असं फळ जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा, मग पुरा. परदेशातून कंद, रोपं, माती तर आणूच नका.

पुळणीवर अन्नाची पिशवी सापडली तर फोडू नका. बोटींना दळून बारीक न केलेलं खरकटं किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या आत टाकायला मनाई आहे, आणि प्लास्टिक तर कुठेच टाकता येत नाही. पिशवीवर परकी लिपी दिसली तर फोटो काढून जवळच्या बंदर कार्यालयाला कळवा. वाळूत पुरू नका, कुत्री उकरतात आणि उधाण उघडं पाडतं. विहिरीपासून लांब, उंचवट्यावर कमरेइतका खड्डा घ्या, वर चुना आणि मग माती टाका. त्या दिवशी नारळीला घालायला पुळणीवरून शेवाळ, पालापाचोळा आणणार असाल तर आधी तो निवडून घ्या.

डुकरांना अचानक जोराचा ताप आला, कान-पोट लाल-निळं पडलं, पटापट मरू लागली, किंवा गुरांच्या तोंडाला फोड येऊन लाळ गळू लागली, तर १९६२ या पशुसेवेच्या नंबरवर फोन करा किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जनावरं विकू नका, मेलेलं कापून वाटू नका, ओढ्यात-खाडीत ढकलू नका. डॉक्टर येईपर्यंत ताडपत्रीने झाकून कडेला दगड ठेवा, आणि त्या गोठ्यातल्या माणसाने दुसऱ्याच्या गोठ्यात पाऊल टाकू नये.