बोटीवर चार-पाच दिवस राहून स्वयंपाक कसा करावा

जहाजावरच्या स्वयंपाक्याला खलाशी भंडारी म्हणतात, म्हणजे मुळात भांडार सांभाळणारा. हा शब्द अगदी नेमका आहे, कारण बोटीवरचा निम्म्याहून अधिक स्वयंपाक धक्का सोडण्याआधी, सामान मोजताना आणि बांधतानाच होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरातून निघणाऱ्या साध्या डिझेल बोटीवर सहा जणांनी पाच दिवस राहायचे आहे, असे धरून पुढील सूचना लिहिल्या आहेत. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपली तरी ऑगस्टात समुद्र निवळलेला नसतो, म्हणून नवख्याने पहिली फेरी हिवाळ्यात करावी.

पाण्याचा हिशेब

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरावे. सहा जणांचे पाच दिवसांचे १२० लिटर होते. इंजिन बंद पडून एखाद-दोन दिवस जास्त लागले तर हाल होऊ नयेत म्हणून त्यात निम्मी भर घालून १८० लिटर घ्यावे. हे सगळे पाणी एकाच टाकीत भरू नये. वीस-वीस लिटरचे नऊ कॅन वेगवेगळ्या ठिकाणी बांधून ठेवले, तर एखादा फुटला किंवा त्यात खारे पाणी शिरले तरी बाकीचे हाताशी राहतात.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पिऊन तहान भागत नाही, उलट शरीरातले पाणी कमी होते. स्वयंपाकात मात्र त्याचा उपयोग आहे. बटाटे आणि अंडी सालासकट, कवचासकट थेट समुद्राच्या पाण्यात उकडावीत. भात शिजवताना पाच भाग गोड्या पाण्यात एक भाग खारे पाणी घालावे आणि वेगळे मीठ घालू नये. हे पाणी भर समुद्रातलेच घ्यावे. बंदरात डिझेलचा तवंग असतो, खाडीच्या तोंडाशी गावाचे सांडपाणी येते.

सामान

पहिल्या दिवशी बोटीवर काहीही शिजवायचे नाही असे ठरवूनच निघावे, कारण पोट आणि पाय हेलकाव्यांना सरावायला तेवढा वेळ लागतो. घरून चपात्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि लसणीची चटणी न्यावी. मळमळ होणाऱ्याने खाली डिझेलच्या वासात न बसता वर येऊन क्षितिजाकडे पाहत बसावे आणि आल्याचा तुकडा चघळावा.

भाजीत कांदे, बटाटे, लाल भोपळा, कोबी आणि लिंबे टिकतात. कांदे आणि बटाटे एकाच पोत्यात मात्र ठेवू नयेत, दोन्ही लवकर खराब होतात. ओल्या नारळाचे वाटण उन्हाळी हवेत दिवसभरही धड राहत नाही, म्हणून सुके खोबरे आणि कांदा खरपूस भाजून त्याचा कोरडा मसाला करून न्यावा. आंबटासाठी आमसुले उत्तम. त्यांना ना बर्फ लागतो ना जागा. तांदूळ, डाळ आणि पीठ घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावे, आणि काड्यापेट्या दोन वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात.

आग आणि हेलकावे

सिलिंडर बोटीच्या मागच्या बाजूला, उघड्यावर, उभा आणि दोराने करकचून बांधलेला असावा. गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात खिडकी उघडली की तो बराचसा निघून जातो; बोटीत मात्र तो पाण्यासारखा तळाशी उतरतो आणि इंजिनाच्या खोलीत साचून राहतो. म्हणून प्रत्येक वेळी स्वयंपाक आटोपल्यावर शेगडीचा कान फिरवून थांबू नये, सिलिंडरवरचा रेग्युलेटरही बंद करावा. नळी जोडल्यावर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. तळाशी वास आलाच तर इंजिन, दिवा, तळातले पाणी उपसणारा विजेचा पंप यांपैकी कशाचेही बटण दाबू नये. सिलिंडर बंद करून बोटीची सर्व दारे, खिडक्या आणि तळावरची झाकणे उघडावीत आणि वारा खेळू द्यावा.

बोट जास्त करून डावी-उजवीकडे कलते. त्यामुळे शेगडी अशी मांडावी की स्वयंपाक करणाऱ्याचे तोंड नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, किंवा मागच्या बाजूला राहील. मग भांडे सांडले तरी ते त्याच्या अंगावर न येता बाजूला जाते. माझ्या पहिल्या फेरीत मी शेगडी बाजूच्या फळीला लावून तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो होतो आणि पातेले काठोकाठ भरले होते. एका आडव्या लाटेसरशी पातेल्यातली उकळती डाळ माझ्या गुडघ्यावर आली. तेव्हापासून भांडे निम्म्याहून जास्त भरत नाही, आणि लुंगीऐवजी जाड पँट आणि बूट घातल्याशिवाय शेगडीजवळ जात नाही. भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटे गार, स्वच्छ पाणी सोडावे. गोडे पाणी वाचवण्याची ती वेळ नव्हे.

शेगडीभोवती चार बोटे उंचीचा लोखंडी कठडा हवा. झाकण पक्के बसणारा प्रेशर कुकर हे बोटीवरचे सर्वांत शहाणे भांडे आहे, शिवाय तो गॅसही वाचवतो. ताटांखाली ओले गोणपाट पसरले की ती घसरत नाहीत. सपाट ताटापेक्षा खोल वाडगा बरा, कारण तो मांडीत धरून जेवता येते.

स्वयंपाकाची वेळ वाऱ्यावरून ठरवावी. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा असतो तोवर किनाऱ्याजवळचे पाणी बहुधा शांत असते, आणि दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात. म्हणून डाळ-कालवण सकाळीच उरकावे आणि संध्याकाळसाठी फक्त कालवण पुन्हा उकळून घ्यावे. भात मात्र दर जेवणाला ताजा लावावा. सकाळचा भात दिवसभर उष्म्यात ठेवून रात्री खाल्ल्यास पोट बिघडते.

ताजा मासा

बोटीवर मासा ताजाच असणार, ही समजूत धोक्याची आहे. बांगडा, सुरमई आणि कुपा हे मासे उन्हात दोन-तीन तास पडून राहिले, तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होऊ लागते. त्याला वास येईलच असे नाही आणि शिजवूनही ते नाहीसे होत नाही. असा मासा खाल्ल्यावर तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात आणि डोके ठणकते. जाळ्यातून काढलेला जेवणाचा मासा लगेच साफ करून बर्फात दाबावा. बांगड्याच्या कालवणात दोन-चार तिरफळे ठेचून घालावीत. त्यांच्याशिवाय ते मला तरी अपुरे वाटते.

धुणे, कचरा, झोप

भांडी समुद्राच्या पाण्याने घासावीत आणि शेवटी मगभर गोड्या पाण्याने विसळावीत. अंगाच्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, द्रव साबणाला येतो. पाणी काढायची बालदी लहान असावी, आणि बोट चालू असताना तिचा दोर हाताला गुंडाळू नये, कारण भरलेली बालदी माणसालाही ओढून नेते. प्लॅस्टिक समुद्रात कुठेही टाकायला बंदी आहे. पिशव्या पोत्यात भरून परत आणाव्यात. रात्री बोटीच्या कठड्याशी एकट्याने जाऊ नये. किनाऱ्यापासून दूर मोबाइल चालत नाही, म्हणून मदत मागण्यासाठी व्हीएचएफ रेडिओचे (बोटीवरच्या बिनतारी संचाचे) १६ नंबरचे चॅनेल सर्वांना लावता यावे. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

धक्क्यावर परतल्यावर शेगडी आणि तवा गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावा, नाहीतर आठवड्यात गंज चढतो. उरलेले पाणी किती कॅन भरले आणि गॅस किती दिवस पुरला ते वहीत लिहून ठेवावे. पुढच्या फेरीचे सामान त्याच पानावरून काढायचे असते.