जेलीफिश म्हणायचं की 22.04? लिनक्सची कोडनेम कुठे वापरायची, कुठे नाही

सर्व्हरवर काय टाकायचं यावर मीटिंग चालू असते, आपण पटकन बोलून जातो "जॅमी जेलीफिश टाकू" (हे उबुंटू या लिनक्सच्या 22.04 व्हर्जनचं कोडनेम, म्हणजे टोपणनाव), आणि झालं, समोरच्याला वाटतं हे काहीतरी पोरासोरांचं काम आहे. एकदा असं मत झालं की ते बदलायला फार कष्ट पडतात. म्हणून ज्यांच्या हातात निर्णय आहे पण रोजचं काम लिनक्सवर नाही, त्यांच्यासमोर नंबर आणि सपोर्ट एवढंच बोला: "उबुंटू 22.04 एलटीएस, 5 वर्षं सिक्युरिटी अपडेट्स". एलटीएस म्हणजे लांब काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन आणि 22.04 म्हणजे 2022 चा एप्रिल, हे सांगितलं की त्यांना लगेच कळतं. गूगलनेही 2019 मध्ये अँड्रॉइडची गोड पदार्थांची नावं लोकांसमोर वापरणं बंद करून सरळ अँड्रॉइड 10 म्हटलंच की, कारण ती नावं जगभर सगळ्यांना कळत नव्हती.

पण म्हणून नावं फालतू आहेत असं अजिबात समजू नका. रिलीज होईपर्यंत नंबर पक्का नसतो, नाव असतं. उबुंटूचं डॅपर ड्रेक 2006 च्या एप्रिलमध्ये 6.04 म्हणून यायचं होतं, काम लांबलं आणि जूनमध्ये 6.06 म्हणून आलं, नाव मात्र तेच राहिलं, त्यामुळे डेव्हलपर लोकांचा गोंधळ झाला नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्सचं 1.0 तर अधिकृतपणे कधी आलंच नाही, एका सीडीवाल्याने अर्धवट असलेलंच 1.0 म्हणून विकलं, मग डेबियनवाल्यांनी 1996 मध्ये थेट 1.1 काढलं, कोडनेम बझ.

आता मशीनवर बसल्यावर उलटं करा, इथे नावच महत्त्वाचं. डेबियनच्या सोर्सेस फाइलमध्ये (सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं ते इथे लिहिलेलं असतं) 'स्टेबल', म्हणजे त्या वेळचं जे चालू रिलीज असेल ते, असं लिहू नका, 'बुकवर्म' किंवा 'ट्रिक्सी' असं रिलीजचं कोडनेम स्पष्ट लिहा. स्टेबल लिहिलेलं असेल आणि नवीन रिलीज आलं (2025 च्या ऑगस्टमध्ये ट्रिक्सी आलं तसं) की अपडेट मारताना एपीटी (सॉफ्टवेअर बसवणारं टूल) थांबून विचारतं, कोडनेम बदललंय, चालेल का, आणि घाईत वाय दाबलं की पुढचं अपग्रेड नव्या व्हर्जनचं सुरू, चालू सर्व्हरवर हे कुणालाच नको असतं.

बाहेरची रेपो (जिथून सॉफ्टवेअर डाउनलोड होतं तो साठा) जोडतानाही आधी ईटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज फाइल उघडून व्हर्जन कोडनेमची ओळ बघा. मिंट (उबुंटूवर बेतलेलं लिनक्स) वापरत असाल तर इथे नीट लक्ष द्या, बहुतेक लोक इथेच अडकतात. मिंट 21.3 मध्ये व्हर्जन कोडनेम 'व्हर्जिनिया' दिसतं, पण उबुंटूसाठी बनवलेल्या रेपोला व्हर्जिनिया माहितच नसतं, सरळ 404, म्हणजे 'सापडलं नाही' असा एरर येतो. त्याच फाइलमध्ये उबुंटू कोडनेमची वेगळी ओळ असते, तिथे 'जॅमी' लिहिलेलं सापडेल, ते टाका.

स्वतःच्या प्रोजेक्टला नाव द्यायचं असेल तर खुशाल मजेशीर द्या, लोकांच्या लक्षात राहतं, फक्त स्पेशल कॅरेक्टर नको. फेडोरा या लिनक्सच्या 19 व्या व्हर्जनचं नाव होतं श्रोडिंगरची मांजर, इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन टिंबवाला ओ आणि शिवाय अपॉस्ट्रॉफी, तो अपॉस्ट्रॉफी शेल स्क्रिप्टमध्ये कोटचं चिन्ह धरला जातो आणि स्क्रिप्ट मोडते. 20 नंतर फेडोराने नावं देणंच थांबवलं. तुम्ही साधी स्मॉल अक्षरं, एकच शब्द, एवढं पाळलंत तरी पुरे.